चणे आहेत, पण दात नाहीत

प्रश्न: आमचा बायकांचा बचत गट आहे. नगरपरिषदेच्या बेघर निवारा केंद्रातलं दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यंदाच्या जूनपासून आमच्याकडे आलाय. केंद्रात २८ माणसं आहेत. निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची, चार-पाच जण मनोरुग्णालयातून बरे होऊन आलेले पण घरच्यांनी न नेलेले, काही बंदरावर नि बांधकामावर मोलमजुरी करणारे, दोन बायका. पैसे बेताचेच मिळतात, पण आहे त्यात चांगलं द्यायचं असं आम्ही ठरवलं. मोबाइलवर बघून तक्ता केला. सकाळी नाचणीसत्त्व, दुपारी पोळी, भाजी, वरण, भात, मोडाची मटकी नाहीतर चणे आणि कच्ची कोशिंबीर, रात्री परत पोळी-भाजी. खरं सांगते, निम्मं ताटात राहतं. नाचणीसत्त्व तर मोरीत ओततात. "भात दे, मासळीचं कालवण दे" म्हणतात. एक आजोबा अर्धी पोळी उशीखाली लपवतात, मग मुंग्या होतात. वाढदिवसाला दाते जिलेबी, केक, बिर्याणी घेऊन येतात, ते मात्र मिनिटात फस्त. आमचे एक मोठे दाते म्हणतात, माझ्या पैशांत मासे-अंडी चालणार नाहीत. गटातल्या बायका आता कंटाळल्यात. त्यांचं म्हणणं, कशाला हा पौष्टिकाचा खटाटोप, भात-आमटी ओता नि मोकळ्या व्हा. काय करू?
(गटप्रमुख, रत्नागिरी तालुका)

ताई,

तुमच्या मैत्रिणींनी रागाच्या भरात का होईना, निम्मं उत्तर देऊन टाकलंय. भात-आमटीच करा. फक्त आमटी किती दाट हवी, भातासोबत ताटात काय पडायला हवं आणि तो भात कोणाच्या तोंडात जाणार आहे, यावर जरा सविस्तर बोलू.

तुमचा तक्ता मी नीट वाचला. आहारशास्त्राच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क पडतील. सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा असे तक्ते भिंतीवर किती दिवस टिकतात तेही मला ठाऊक आहे. तुमच्या तक्त्यात सगळं आहे, एक रकाना तेवढा राहिलाय: कोणाच्या तोंडात दात किती.

उद्या दुपारी वाढायला जाऊ नका. कोपऱ्यात स्टूल टाकून बसा आणि नुसतं बघा. कोणी पोळीचा तुकडा वरणात बुडवून तो फुगायची वाट बघत बसलेला दिसेल. फुगला की टाळूला दाबून गिळेल. कोणी मटकीचा एकेक दाणा जिभेने या गालातून त्या गालात फिरवेल आणि शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवेल. कडेला दाण्यांची रांग लागलेली असेल, आणि आपण मोरीशी उभ्या राहून म्हणतो, बघा, मस्ती आलीय यांना. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण आपण नशिबाबद्दल वापरतो. तुमच्या केंद्रात ती रोज दुपारी ताटातच वाढली जातेय.

स्टँडवर, बंदरावर, देवळाच्या ओवरीत वर्षं काढलेल्या माणसाचे दात लवकर जातात. तंबाखू, मिश्री, दारू, हिरड्यांचे आजार, आणि दातांच्या डॉक्टरकडे जाण्याचा तर विषयच नसतो. पन्नाशीतल्या माणसाचं तोंडही सत्तरीचं झालेलं असतं. त्यात मनोरुग्णालयातून आलेल्यांच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते आणि गिळणं मंदावतं. त्यांना कोरडी पोळी जात नाही, आणि घाईने ढकलली तर घशाशी अडकते. या चौघा-पाचांना जेवताना ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि जेवताना कोणीतरी त्यांच्याजवळ बसा.

जिलेबी, केक, बिर्याणी मिनिटात का संपते, तेही आता लक्षात आलं असेल. केक चावावा लागत नाही, जिलेबी तोंडात विरघळते, बिर्याणीच्या भाताला मीठ-मसाला असतो. तुमची मटकी यातल्या एकाही परीक्षेत पास होत नाही. त्यांना वाईट खोड लागलीय असं मानायची घाई करू नका.

तेव्हा पहिलं काम: कच्ची मोडं बंद. मोड काढणं सोडू नका, कच्चं वाढणं सोडा. उबेत आणि ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात, म्हणून म्हाताऱ्या-आजारी माणसांना ती कच्ची देऊच नयेत. मोडाचे मूग कुकरला पार मऊ करून, घोटून, आलं-लसूण घालून कढण करा. काळ्या वाटाण्याची आमटी आवडती असेल तर वाटाणे रात्रभर भिजवा, बोटाने चिरडतील इतके शिजवा आणि अर्धे वाटून त्याच आमटीत घाला. कोशिंबिरीत काकडी कोचवून, नाहीतर लाल भोपळा वाफवून दह्यात. गाजर-बीट शिजवून किसा. बस.

आता नाचणी. इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. नाचणीच्या गुणांबद्दल वाद नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसतं. पण सत्तरीच्या कोकणी माणसाला नाचणी म्हणजे काय ते विचारून बघा. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत जे पिकायचं ते नाचणी नि वरी, आणि रोजच्या ताटात तीच भाकरी. पांढराशुभ्र भात सणासुदीला, पाहुणा आला तर. शहरात आता नाचणीची बिस्किटं काचेच्या बरणीत विकतात हे त्याच्या गावी नाही. तुम्ही तर ती गोड, कोमट, वाटीत घालून पुढे करता. तसं आपण तान्ह्या बाळाला देतो, बाळंतिणीला देतो, आजाऱ्याला देतो. उभं आयुष्य ओझी वाहिलेला बाप्या ती वाटी मोरीत ओतणारच. मीही ओतली असती.

नाचणी ठेवा, तिचं रूप बदला. पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी पाण्यात शिजवून मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घाला. अशी आंबील तिखट-आंबट असते आणि पुरुषमाणसं पेल्याने पितात. घावण्याच्या पिठात तीन वाट्या तांदळाला एक वाटी नाचणी घाला. विचारलं तर खरं सांगा, पण फळ्यावर "आज नाचणी" लिहून मिरवू नका.

सकाळी मुख्य असू द्या पेज. उकड्या तांदळाची मिळाली तर उत्तमच, कारण साळ उकडून मग सडताना कोंड्याजवळची ब गटातली जीवनसत्त्वं बरीचशी दाण्यात मुरलेली असतात. पेज शिजताना चार मुठी मूगडाळ टाका. वर शेंगदाण्याचं कूट नाहीतर मेतकूट. खाणाऱ्यांना जवळ्याची चटणी. पेज नको म्हणणारा माणूस तुम्हाला या किनाऱ्यावर शोधावा लागेल.

आता थोडा हिशेब, कारण गटाच्या वहीत शेवटी आकडेच लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांचं आहे. म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ४१-४२ ग्रॅम. म्हाताऱ्या आणि आजारातून उठलेल्याला थोडी जास्तच धरा. माणशी दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ धरला तर त्यातून १५-१६ ग्रॅम येतात. २८ जणांत मिळून एक किलो डाळ शिजवलीत तर माणशी ३५ ग्रॅम डाळ पडते, तिचे आठेक ग्रॅम. झाले २४. भाजी-पेजेतून थोडे मिळतात ते सोडा, तरी सतरा-अठरा ग्रॅमचा खड्डा उरतोच, आणि पोळ्या वाढवून तो भरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम. काटे काढलेल्या ८० ग्रॅम बांगड्यात पंधरा-सोळा. २० ग्रॅम शेंगदाण्यांत पाच. ३० ग्रॅम कुळथाच्या पिठात सहाच्या वर. यातलं रोज काय काय बसतं ते तुमच्या पैशांप्रमाणे जुळवा. अंडं रोज परवडलं नाही तर एक दिवसाआड द्या आणि मधल्या दिवशी कुळीथ नि शेंगदाणे दोन्ही.

डाळ किती घालता ते तुम्ही लिहिलं नाहीत. पातेल्यात पळी ढवळून वर उचला. पळीच्या पाठीवर वरण धरत नसेल तर ते वरण नव्हे, हळदीचं पाणी. २०२० साली सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, वाटीभर भाजी, भाताची मूद आणि वाटीभर वरण असा ठरलेला हिशेब होता. कामावरच्या माणसाच्या एका वेळेला तो ठीक होता. तुमच्या माणसांचं चोवीस तासांचं सगळं खाणं तुमच्याच पातेल्यातून जातं, म्हणून वरणाची दाटी इथे जास्त मोलाची.

रात्रीच्या पोळ्या बंद करा. २८ माणसांना दोन-दोन म्हटलं तरी ५६ पोळ्या, त्याही बिनदाताच्या तोंडांसाठी. तुमच्या बायका कंटाळल्या त्यात नवल काय! ज्या पाच-सहा कष्टकऱ्यांना पोळी-भाकरी हवीच असेल त्यांच्यापुरती करा. बाकीच्यांना मऊ भात आणि कुळथाची पिठी. लसूण लालसर होईपर्यंत फोडणी, पाणी उकळलं की तिखट-मीठ, तीन-चार आमसुलं, आणि गार पाण्यात कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. वीस मिनिटांत पातेलं उतरतं. चावायचं काही नाही, चव आहे, प्रथिनं आहेत, आणि बहुतेकांच्या आईने ती त्यांना खाऊ घातलेली आहे. वरून लिंबू पिळा, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणावर लगेच नको, तासभर जाऊ द्या. चहातले घटक तेच लोह अडवतात. चहा तोडायला जाऊ नका, भांडणं होतील.

पालेभाजी स्वस्त आणि मऊ असते, तिला धरून राहा. लाल माठ, शेवग्याचा पाला डाळीत, अळूचं फदफदं शेंगदाणे कुटून. पावसाळ्यात टाकळा-भारंगी कोणी आणून दिली तर घ्या, पण देणारी बाई ओळखीची असेल तरच. अनोळखी रानभाजी आणि कुठलीही रानअळंबी केंद्राच्या पातेल्यात नको.

आता मासळी. तुमची माणसं मागतायत आणि तुम्ही बंदराच्या उशाशी आहात, तर द्या. आठवड्यातून दोनदा पुरे. मिरकरवाडा बंदरावर सुरमई-पापलेटच्या पाटीकडे बघूही नका; तुमच्या कामाचे पेडवे, तारली, बांगडा, मांदेली. प्रथिनं तर आहेतच, वर या तेलकट मासळीत ड जीवनसत्त्व आणि हृदयाला बरी ती चरबी असते, जी महागड्या पांढऱ्या मासळीत कमी. पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट काटे. चव बघून हुरळून जाऊन अख्खे पेडवे वाढू नका. बांगडा वाफवा, हाताने मधला काटा नि बारीक काटे काढा, मग तो चुरा कालवणात सोडा. हे काम एका बाईचं एक तासाचं आहे आणि ते घाईचं नाही. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्या वाटीत चुरा पुन्हा एकदा बोटांनी चाचपून घाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संध्याकाळी उरलेला बांगडा स्वस्तात मिळतो, कोणी फुकटही देतं. बर्फाविना उन्हात राहिलेल्या बांगडा-तारलीत हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तासाभराच्या आत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. आणि हे विष उकळून, तळून जात नाही. चिंच-आमसुलाने तर नाहीच. म्हणून मासळी सकाळची, बर्फातली, आणि आणल्या-आणल्या चुलीवर. फुकटचा शिळा मासा हात जोडून परत करा.

तिसरी, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यासाठी मे महिन्यातच जवळा-सुकट भरून ठेवा. नुसत्या उन्हावर वाळवलेला जवळा घ्या. खारवलेला बांगडा रक्तदाबवाल्यांना नको. माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही हद्द धरली तर २८ जणांना मिळून १४० ग्रॅम होतं, आणि लोणचं-पापड धरून तुमचं तेवढं दुपारीच संपत असेल. जवळा धुऊन, भाजून, कुटून घ्या म्हणजे दातांचा प्रश्न नाही. कोळंबी-जवळ्याने कोणाला अंगावर उठतं का, हे आधी विचारा.

राहिले तुमचे मोठे दाते. त्यांना सांगा, तुमचे पैसे तांदूळ, डाळ, तेल आणि गॅसला लागतील. अंडी-मासळीचं खातं वेगळं, त्याला वेगळे दाते. पातेली वेगळी ठेवा, वही वेगळी ठेवा आणि ती त्यांना दर महिन्याला दाखवा. एवढ्यावर ते तयार असतील तर त्यांचा मान राखा. "माझे पैसे घ्याल तर केंद्रात कोणीच मासे-अंडी खायची नाहीत" अशी अट असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पैसे परत करा. दुसऱ्याच्या ताटातला बांगडा आपल्या पुण्याच्या हिशेबात धरणं मला पटत नाही. तसंच उलटही. तुमच्या २८ जणांत कोणी माळकरी असेल, कोणाचा सोमवार असेल, कोणी मुसलमान असेल तर रमजानात त्याच्या सेहरीचा डबा लागेल. प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा, सगळ्यांदेखत नको. काय चालतं, काय चालत नाही, काय आवडतं. तिसरा प्रश्न कित्येकांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नसतो, तेव्हा "काहीही चालेल" असंच उत्तर येईल. दोन दिवसांनी परत विचारा.

वाढदिवसवाल्यांना तोडू नका, वळवा. दाराशी यादी लावा: अंड्यांचा ट्रे, तूरडाळ, शेंगदाणे, केळ्यांचा घड, दुधाच्या पिशव्या, गॅसची एक टाकी, एक दिवसाची मासळी. केक आणलाच तर बोटभर तुकडा सगळ्यांना, जेवणानंतर. जेवणाऱ्यांचे फोटो नकोत, आणि ताट हातात देण्याआधी "साहेबांचे आभार माना" हे तर अजिबात नको. असा प्रकार होत असेल तर तो कोण करतं ते तुम्हाला माहीत असेलच.

लग्नसराईत हॉलवरून उरलेल्या जेवणाचे फोन येतील. एप्रिल-मेच्या आपल्या दमट उकाड्यात ओल्या नारळाचं वाटप घातलेली भाजी दोन-अडीच तासांत आंबायला लागते, वासाला कळण्याआधीच. नियम करा: किती वाजता शिजलं हे सांगणारा माणूस हवा, पातेलं हाताला चटका देण्याइतकं गरम हवं, आणि आल्यावर परत उकळी काढून लगेच वाढायचं. भाताला हे जास्तच लागू. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जे विष धरतं ते पुन्हा गरम करून जात नाही. पनीर, दह्यातलं, मलईचं नाही म्हणा. शिल्लक अन्न वाटण्याबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियमच आहेत, आणि फुकट जेवण देणाऱ्यालाही नोंदणी लागते. लहान गटाला ती वर्षाला शंभर रुपयांत होते. तुमची झाली नसेल तर या आठवड्यात करून टाका.

मधुमेहाचं थोडक्यात. इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण वेळेवर म्हणजे वेळेवर. सुई टोचून झाली आणि दात्यांचं भाषण लांबलं, तर माणूस ताटासमोर घाम फुटून कोसळतो. त्यांची नावं स्वयंपाकघरात लावा आणि त्यांना आधी वाढा. भात बंद करू नका, मोजून द्या, पिठी-भाजी वाढवा.

एक गोष्ट मात्र घाईने सांगून सोडण्यासारखी नाही. केंद्रात नवा माणूस येतो, पोलीस आणून सोडतात किंवा कोणी स्टँडवरून उचलून आणतं. आठ-दहा दिवस पोटात धड काही नसतं, हाडं दिसत असतात. आपल्याला वाईट वाटतं, आपण ताट भरून वाढतो, आग्रह करतो. असं करू नका. फार उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार, विशेषतः फॉस्फेट, झपाट्याने खाली येतात. हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावूही शकतो. दारू पिणाऱ्याला धोका आणखी, त्याला आधी ब-१ जीवनसत्त्व लागतं, ते डॉक्टर देतील. म्हणून आल्या दिवशी सिव्हिलला दाखवायचं, आणि तोवर वाटीभर पातळ पेज, थोडं थांबून पुन्हा वाटीभर. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून रात्रीच्या काळजीवाहकाजवळ द्या, कारण अशी माणसं येतात ती बहुधा रात्रीच. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. क्षयरोग निघाला तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १,००० झालेत. खातं उघडून द्यायला तुम्हालाच धावपळ करावी लागेल.

पैशांबद्दल. अशी केंद्रं ज्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून उभी राहिली, त्याच्या मार्गदर्शक सूचनांत स्वयंपाकाची जागा, भांडी आणि गॅसजोडणी धरलेली होती. तुम्ही घरून शिजवून रिक्षाने नेत असाल तर नगरपरिषदेकडे लेखी मागा. ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे, ते दुसऱ्या गावच्या पत्त्यावरचं का असेना, आधारवर अंगठा लावून त्यांचं धान्य इथल्या दुकानातूनही उचलता येतं. अंत्योदय सोडून बाकीच्या लाभार्थ्यांना माणशी महिन्याला पाच किलो. पण ते धान्य त्या माणसाचं आहे. त्याने राजीखुशीने दिलं तरच पातेल्यात टाका. आणि त्या तांदळात थोडे वेगळे, पाण्यावर तरंगणारे दाणे दिसले तर "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून निवडून फेकू नका. ते लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेले दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. तुमच्या गटातली एखादी तरी निवडत बसत असेल, पैजेवर सांगते.

कामावर जाणाऱ्यांचं विसरू नका. पहाटे बंदरावर जाणाऱ्याला आठ वाजताची पेज उपयोगाची नाही, आणि हॉटेलात भांडी घासून अकराला परतणाऱ्याला सातचं जेवण मिळत नाही. त्याचं ताट झाकून ठेवता का? मासळीचं नको, पिठी-भात फ्रीजमध्ये ठेवून, आल्यावर चांगला वाफाळेपर्यंत गरम करून.

शेवटी ते आजोबा. त्यांना ओरडू नका, झडतीही घेऊ नका. उद्या मिळेल याची खात्री नसताना जो माणूस वर्षानुवर्षं झोपलाय, तो दोन-चार महिन्यांच्या पोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही. पण त्याआधी मला एक सांगा, रात्रीचं जेवण तुम्ही किती वाजता उरकता? वाढणाऱ्या बायकांना घरी जायचं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी सातला पंगत उठते. नाश्ता आठला. मधे तेरा तास जातात. त्या आजोबांना रात्री दोन वाजता खरोखरच भूक लागत असेल, आणि मागायचं कोणाकडे हे माहीत नसेल. तेव्हा एक मोठा थर्मास घ्या, नऊच्या सुमाराला सगळ्यांना कपभर गरम दूध नाहीतर पेज मिळेल अशी सोय काळजीवाहकाकडे लावा. आणि आजोबांना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा द्या, त्यांच्या नावाचा. त्यात शेंगदाणा-गुळाचा मऊ लाडू, मधुमेह असेल तर पातळ पोहे भाजून कूट लावलेले. रिकामा झाला की न विचारता भरा. सोमवारी तेवढा घासायला मागून घ्या, आपल्या हवेत लाडवाला बुरशी यायला फार दिवस लागत नाहीत.